संगणक-जाळ्याची राखण

आमच्या लाखांदूर तालुक्यात नहराच्या पाण्यावरून होणारे तंटे नवे नाहीत. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या बांधीत पाणी पोचले नाही, की तो म्हणतो, "वरून पाणीच सोडलं नाही." वरचा माणूस म्हणतो, "आम्ही तर सकाळीच सोडलं." आणि गंमत अशी की, दोघेही खरे बोलत असतात. पाणी मधेच कुठे तरी अडलेले असते. कुठे, हे समजायला एकच उपाय. टोकापासून मुखापर्यंत नहराच्या काठाकाठाने चालत जायचे आणि प्रत्येक फाट्याशी थांबून पाहायचे. इटियाडोहच्या नहरावर ही पायपीट करणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

आज मला आपणाशी बोलायचे आहे ते संगणकांच्या जाळ्याविषयी आणि त्याची राखण करणाऱ्या एका प्रोग्रॅमविषयी. मी भूगोलाचा अध्यापक. संगणकाचा माझा अधिकार काडीचाही नाही. परंतु लहान गावच्या कॉलेजात जो एकदा "बघू या" म्हणतो, ते काम कायमचे त्याच्याच गळ्यात पडते. तसे हे माझ्या गळ्यात पडले.

मागल्या वर्षीची गोष्ट. शिष्यवृत्तीचे अर्ज आता संगणकावरूनच भरावे लागतात, हे आपण जाणताच. शेवटचा दिवस होता. चुलबंद नदीकाठच्या एका गावची विद्यार्थिनी सकाळच्या बसने आली, साडेदहाला प्रयोगशाळेत बसली. माहिती भरून झाली, दाखले जोडून झाले, आणि ऐन वेळी पान गोठले. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या खेपेला पलीकडचे संकेतस्थळच गर्दीने उघडेना. "सर, नेट गेला जी," एवढेच ती म्हणाली. अर्ज राहिला. त्या वर्षीची फी तिच्या घरच्यांना धान विकून भरावी लागली.

मी त्याच संध्याकाळी लाइन पुरवणाऱ्या मंडळींना एक खरमरीत पत्र लिहिले. उत्तर आले, आमच्याकडून लाइन त्या दिवशी अखंड चालू होती. मला ते धडधडीत खोटे वाटले. पण माझ्या हाती तरी काय पुरावा होता? नेट "गेले", एवढे मला ठाऊक होते. कुठे गेले, किती वाजता गेले, किती वेळ गेले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते.

नेमक्या याच प्रश्नांसाठी जगात पुष्कळ आधीपासून खटपट झालेली आहे. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील माइक म्यूस या गृहस्थाने 'पिंग' नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधताना ध्वनीचा ठोका पाण्यात सोडतात आणि प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्या आवाजावरून हे नाव. दुसऱ्या यंत्राला हाक मारायची, ओ आली तर ते जागे आहे. पुढे १९९५ च्या सुमारास टोबिआस एटिकर या स्विस तरुणाने जाळ्यावरील रहदारीचा आलेख काढणारा प्रोग्रॅम केला. त्याच्या संस्थेत बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ किलोबिटची लाइन होती आणि ती कशी चालते आहे, हे सर्वांनाच जाणून घ्यायचे होते. एकच लाइन आणि सर्वांची नजर तिच्यावर! हे वाचले तेव्हा मला तो माणूस लाखांदूरचाच वाटला.

पिंग केवळ "जागा आहेस का?" असे विचारते. "कसा आहेस?" हे विचारायला निराळी भाषा लागते. तिचे नाव एस्.एन्.एम्.पी. ही १९८८ पासून प्रचारात आली. जाळ्यातील राउटर, स्विच, प्रिंटर अशी यंत्रे स्वतःविषयीची माहिती क्रमांक दिलेल्या कप्प्यांत ठेवतात. कुठल्या तारेवरून किती मजकूर गेला, किती खराब झाला, यंत्र सुरू होऊन किती वेळ झाला, अशी ती माहिती. विचारणाऱ्याने कप्प्याचा क्रमांक सांगायचा, यंत्राने आतला आकडा द्यायचा. मात्र बाजारातले अगदी स्वस्त स्विच मुके असतात. त्यांना ही भाषा येत नाही. आम्ही बोलका स्विच जुन्या मालात, नागपूरहून आणला.

या दोन्ही गोष्टी रात्रंदिवस करीत राहणारे आणि ज्याची घडण कुणालाही उघडून पाहता येते, बदलता येते, असे जे प्रोग्रॅम आहेत, त्यांपैकी नॅजिऑस, झॅबिक्स आणि ओपन-एन्.एम्.एस्. ही नावे ठळक. आम्ही तिसरे निवडले. त्याचा आरंभ १९९९ चा. फुकट मिळते हे एक कारण खरेच. पण दुसरेही होते. त्याची विचार करण्याची रीत मला पटली. ते प्रत्येक यंत्राला एक घर मानते, घराला दारे असतात आणि दाराशी सेवा असतात. एक सेवा थांबली तर तेवढेच सांगते. सगळी दारे बंद पडली तरच "घर पडले" म्हणते. गावात एका घरचा दिवा गेला म्हणून कोणी वीज गेली अशी हाकाटी करीत नाही, तसेच हे.

त्याची राखणीची पद्धतही ऐकण्याजोगी आहे. सर्व काही सुरळीत असताना ते दर पाच मिनिटांनी फेरी मारते. एखादे यंत्र ओ देईनासे झाले, की पहिली पाच मिनिटे दर तीस सेकंदांनी हाक मारते, कारण बहुतेक बिघाड अल्पजीवी असतात. त्यानंतर पुन्हा पाच मिनिटांनी, आणि बारा तास उलटले म्हणजे दहा मिनिटांनी. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या जाणत्या माणसाचीही हीच रीत नव्हे काय?

आता मांडणीकडे वळू. पाहायला गेले तर काम सोपे. जुन्या संगणकावर लिनक्स घालायचे, मग माहिती साठवणारे पोस्टग्रेस, मग जावा, मग मूळ प्रोग्रॅम. कोठाराची घडी बसवून द्यायची आणि सुरू करायचे. लिनक्सची ज्यांना धास्ती वाटते, त्यांच्यासाठी मुंबईच्या आय्.आय्.टी.ने 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमात मराठी आवाजातले पाठ केलेले आहेत. माझा आरंभ तिथूनच झाला. आठ जीबी स्मरणशक्तीचा, अडगळीत पडलेला एक संगणक आणि बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक उत्साही विद्यार्थी, एवढ्या भांडवलावर आम्ही एका शनिवारी दुपारी बसलो. संध्याकाळी उठू म्हणालो होतो. उठलो दुसऱ्या शनिवारी.

पहिली अडचण जावाची. प्रोग्रॅमच्या प्रत्येक आवृत्तीला जावाची ठराविक आवृत्ती लागते; नवी असली म्हणजे चांगलीच, हा समज येथे चालत नाही. ती बदलली, तर पोस्टग्रेस दार उघडेना. परवलीचा शब्द बरोबर, तरी नकार. पोस्टग्रेसच्या एका नोंदवहीत कुणाला कुठून आणि कोणत्या खुणेने आत घ्यायचे, याचे नियम लिहिलेले असतात. तिथल्या एका ओळीत खूण वेगळी मागितलेली होती. तेही झाले. प्रोग्रॅम सुरू झाला, पण दुसऱ्या संगणकावरून त्याचे पान दिसेना. ते ८९८० क्रमांकाच्या दारातून बोलते, आणि लिनक्सच्या पहारेकऱ्याने ते दार लावून ठेवलेले. पान उघडल्यावर पहिले काम म्हणजे आयता मिळालेला परवलीचा शब्द बदलणे. तो साऱ्या जगाला ठाऊक असतो.

या सगळ्यांत एक सोय होती. प्रोग्रॅम आपली तक्रार नोंदवहीत लिहून ठेवतो, आणि ती वहीच आम्ही आधी वाचत नव्हतो! पडद्यावर काही दिसले नाही की काढ, पुन्हा घाल, असे तीनदा केले. चौथ्यांदा त्या विद्यार्थ्याने वही उघडली, तेव्हा कारण स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते.

यापुढच्या अडचणी मात्र गप्प बसणाऱ्या. लिनक्समध्ये साध्या वापरकर्त्याला पिंगची हाक मारण्याची मोकळीक नेहमी असतेच असे नाही. ती नसेल तर राखणदार गावभर हिंडतो, पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि त्याच्या दप्तरी सगळे गाव मेलेले. ती परवानगी दिल्याबरोबर निम्मी यंत्रे हिरवी झाली. उरलेली एस्.एन्.एम्.पी.ला उत्तर देईनात. येथे एक बारकावा आहे. या भाषेच्या जुन्या पद्धतीत परवलीचा शब्द चुकला तर यंत्र "चूक आहे" असे म्हणत नाही. ते गप्प राहते. म्हणजे चुकीचा शब्द, बंद ठेवलेली सोय, मधला पहारेकरी आणि खरोखर बंद पडलेले यंत्र, या चारही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात! तेव्हा प्रथम त्या यंत्राजवळ जाऊन सोय चालू आहे का हे पाहावे, मग शब्द अक्षर-अक्षर ताडून पाहावा, मग वाटेतला १६१ क्रमांकाचा मार्ग मोकळा आहे का ते पाहावे. हा शब्द पुष्कळदा 'पब्लिक' असाच ठेवून दिलेला असतो आणि तारेवरून उघडा जातो. २००२ साली पक्की झालेली तिसरी आवृत्ती तो झाकून नेते. यंत्राला येत असेल तर तीच वापरावी.

आणि एवढे करून एके दिवशी आलेख कोरे. आदल्या रात्री वीज गेली होती. संगणक पुन्हा सुरू झाला, पण त्याच्या पोटातली घड्याळाची बटण-बॅटरी संपलेली. त्यामुळे तो कित्येक वर्षे मागच्या तारखेत जागा झाला. वेळ जुळवून घ्यायला नेट हवे, आणि नेट अजून आलेले नव्हते. आलेखाची वही कालच्यापेक्षा जुन्या तारखेची नोंद घेतच नाही. तिचे म्हणणे बरोबरच आहे म्हणा. बॅटरी बाजारात कुठेही मिळते, ती घातली. दोन दिवस आम्ही प्रोग्रॅमला दोष देत होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

नंतर राखण सुरळीत चालू झाली. पहिल्याच आठवड्यात लाइनचे दोन मोठे खंड नोंदले गेले. एक तर अख्खा दिवसभराचा. रस्त्याच्या खोदकामात तार तुटली होती. मी मनात म्हटले, सापडले! पण साडेदहा-अकराच्या वेळेचे ते रोजचे गोठणे? त्या वेळी पलीकडचा राउटर हिरवा, लाइन हिरवी, सगळे हिरवे, आणि मुले ओरडताहेत की पान गोठले.

उलगडा केला तो त्या विद्यार्थ्याने. यंत्राला काही घडले तर ते आपण होऊनही निरोप धाडू शकते. हे निरोप १६२ क्रमांकाच्या दाराशी येतात. साध्या वापरकर्त्याला १०२४ च्या आतले दार उघडता येत नाही, म्हणून आमचे निरोप आजवर वाया जात होते. त्याने ती वाट सरळ केली. दुसऱ्या दिवशी १० वाजून ४१ मिनिटांनी वहीत ओळ उमटली. व्हरांड्यातला स्विच नव्याने सुरू झाला होता. त्याच्या 'सुरू होऊन किती वेळ झाला' या कप्प्यात पाहिले, तर जेमतेम तीन मिनिटे. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. दोन मिनिटांत उठून उभा राहणारा हा स्विच पाच मिनिटांच्या दोन फेऱ्यांच्या मधे पडत होता आणि राखणदार येण्यापूर्वी कपडे झटकून उभा राहत होता.

हा कप्पा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. यंत्र दिसेनासे झाले आणि परत दिसल्यावर त्याचा आकडा पूर्वीपासून चढताच असेल, तर यंत्र ठीक होते, वाट तुटली होती. आकडा शून्यापासून निघाला असेल, तर यंत्रच बंद पडले होते, आणि पहिला संशय विजेवर घ्यावा. (हा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात व सुमारे ४९७ दिवसांनी तो आपोआप शून्यावर येतो. पण आमच्याकडे इतके दिवस वीज न जाता राहण्याचा संभव नाही.)

साडेदहाच्या सुमारास व्हरांड्यात काय घडते? तर टाकी रिकामी झालेली असते आणि शिपाई पाण्याची मोटर सुरू करतो. मोटर आणि स्विच एकाच बोर्डावर. मोटर सुरू होताना विजेचा दाब क्षणभर खाली येतो. ट्यूबलाइट नुसती लुकलुकते, पण स्विच पडतो. आमच्या इमारतीच्या बाहेरची लाइन त्या दिवशीही अखंड चालू असणार. पुरवठादारांनी लिहिले होते तेच.

स्विचसाठी वेगळी तार ओढली आणि एक छोटी बॅटरीची पेटी लावली. मग मी दोन पत्रे लिहिली. एकात माझी आधीची तक्रार मागे घेतली. दुसऱ्यात तार तुटली त्या दिवसाचे खंड वेळेसह, तासमिनिटांनिशी लिहून दिले. दुसऱ्या पत्राला चार दिवसांत माणूस आला. त्याने तक्ता पाहिला, डोके हलवले आणि वाद न घालता कामाला लागला.

त्या विद्यार्थिनीलाही मी सांगितले की, त्या दिवशीचा दोष लाइनचा नव्हता, आमच्या मोटरीचा असावा. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "यंदा तरी होईल ना जी?" यंदा तिचा अर्ज आम्ही मुदतीच्या नऊ दिवस आधी, सकाळी आठ वाजता भरला, मोटर सुरू होण्यापूर्वी.

अजून रात्री अडीचच्या सुमारास आठवड्यातून एखादे वेळी आलेखावर एक खाच उमटते. स्विचचा आकडा त्या वेळी चढताच असतो. म्हणजे यंत्र जागे आहे, वाट तुटते आहे. कॉलेज बंद असल्याने कुणाचे अडत नाही, पण आम्ही वेळा टिपून ठेवतो आहोत.