संगणकाच्या धंद्यांतील बहुश्रुत

आमच्या शाळेंतून बाहेर पडणारे कांहीं विद्यार्थी पुढें संगणकाच्या धंद्यांत शिरतात, व त्यांच्यापुढें लवकरच एक प्रश्न उभा राहतो. या विस्तीर्ण विद्येची एकच शाखा धरून तींत पारंगत व्हावें, कीं सर्व शाखांशीं परिचय ठेवून जन्मभर शिकत राहावें ? पहिला मार्ग बहुधा लवकर फळ देतो. दुसऱ्या मार्गानें जाणारास ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण ऐकून घ्यावी लागते. ही म्हण त्याला सरसकट लागू पडत नाहीं असें आम्हांस वाटतें, व तें कां हें येथें सांगावयाचें आहे.

संगणकाचें काम एकावर एक रचलेल्या थरांनीं चालतें. तळाशीं प्रत्यक्ष यंत्र; त्यावर यंत्राचा कारभार पाहणारी कार्यप्रणाली; मग माहितीचे सांठे व संदेश वाहणारें जाळें; आणि सर्वांवर, आपणांस पडद्यावर दिसणारा प्रोग्राम. प्रत्येक थराचा जाणकार निराळा असतो. अडचण एवढीच कीं, दोष दिसतो एका थरांत आणि असतो दुसऱ्यांत.

याविषयीं एक हकीकत संगणकवाल्यांत फार प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील एका विद्यापीठाच्या टपाल-यंत्रणेची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थानें ती २००२ सालीं लिहिली. तेथील संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनीं त्याजकडे तक्रार आणली कीं, आमची ई-मेल पांचशें मैलांच्या पलीकडे जात नाहीं ! ही तक्रार ऐकून कोणीही हंसला असता. परंतु तक्रार करणारे संख्याशास्त्रज्ञ होते, त्यांनीं नकाशासुद्धां काढून ठेविला होता. व्यवस्थापकानें स्वतः निरनिराळ्या गांवीं पत्रें धाडून पाहिलीं, तों गोष्ट खरी ! शोधाअंतीं कळलें कीं, बाहेरून आलेल्या कोणा तज्ज्ञानें कार्यप्रणालीची नवी आवृत्ति बसविली, आणि तिच्याबरोबर सेंडमेल नांवाचा टपाल पाठविणारा प्रोग्राम मात्र नकळत जुन्या आवृत्तीवर गेला. नव्या आवृत्तीसाठीं लिहिलेल्या सूचना जुन्या प्रोग्रामास समजेनात, व पलीकडच्या यंत्राच्या उत्तराची वाट किती वेळ पाहावी हा आंकडा शून्य धरला गेला. शून्य म्हटलें तरी प्रत्यक्षांत तीन मिलिसेकंदांहून किंचित् अधिक वेळ जाई. तेवढ्या अवधींत प्रकाश सुमारें नऊशें किलोमीटर, म्हणजे साडेपांचशें मैलांच्या वर जातो. त्याहून दूरच्या गांवाचें उत्तर येण्यापूर्वींच यंत्र हात आंखडून घेई. (उत्तरास येण्याजाण्याचा दुप्पट प्रवास करावा लागतो, तेव्हां हा हिशेब चोख नाहीं, असा आक्षेप निघतो व तो रास्त आहे, पण मुख्य मुद्द्यास त्यानें बाध येत नाहीं.) टपालाचा प्रोग्राम, कार्यप्रणालीची आवृत्ति, जाळ्याची रचना आणि शाळेंत शिकलेला प्रकाशाचा वेग, हीं सर्व एकाच डोक्यांत होतीं म्हणून हा उलगडा झाला. चार तज्ज्ञ चार खोल्यांत बसले असते तर प्रत्येकानें आपला थर निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला असता.

आपल्या मराठीचेंच उदाहरण घ्या. संगणक अक्षर ओळखीत नाहीं, आंकडा ओळखतो. इंग्रजींतील मोठा ‘ए’ त्याच्या लेखीं ६५ होय. १९९० नंतर छापखान्यांतून मराठी मजकुरासाठीं जे फॉन्ट चालत, त्यांतील पुष्कळांत रोमन अक्षरांच्याच आंकड्यांवर देवनागरी आकृति बसविलेल्या असत. तो फॉन्ट असलेल्या यंत्रावर सुंदर मराठी दिसे, दुसरीकडे तीच फाईल म्हणजे निरर्थक चिन्हांचा गोंधळ ! युनिकोडाच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस स्वतःचे आंकडे मिळाले. ‘क’ चा आंकडा २३२५. परंतु तें रोजच्या कामांत रुळण्यास बरींच वर्षें लागलीं. तेव्हां ज्यांनीं कोणत्या कळीनें काय उमटतें एवढेंच पाठ केलें होतें, त्यांस पुन्हां मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला. ज्यांस अक्षरामागचा आंकडा ठाऊक होता, त्यांनीं जुन्यानव्या आंकड्यांचें कोष्टक मांडून मजकूर बदलून देणारे प्रोग्राम लिहिले. तेवढ्यानेंही भागत नसे. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस दिसते तशी व्यंजनाआधीं सांठविलेली असे, युनिकोडांत ती उच्चाराप्रमाणें व्यंजनानंतर येते. रफाराची गोष्ट नेमकी उलट. म्हणजे येथें प्रोग्रामाइतकेंच व्याकरणही कामास आलें.

मग सर्वच शिकावयाचें काय ? तें कोणासही शक्य नाहीं. वरचे थर लवकर झिजतात, खालचे टिकतात, हें ध्यानांत ठेवून निवड करावी. फ्लॅश नांवाचें चलच्चित्रांचें साधन १९९६ च्या सुमारास आलें. त्यावर कित्येकांची उपजीविका चाले. २०२० च्या अखेरीस त्याच्या मालक कंपनीनें त्याचा आधार काढून घेतला. उलट युनिक्स १९६९ सालचें, कॉड यांचा माहिती-सांठ्यांच्या रचनेवरील लेख १९७० सालचा, आणि ज्या नियमांनीं इंटरनेट चालतें ते अर्पानेटानें १ जानेवारी १९८३ रोजीं स्वीकारले. त्यांचें ज्ञान आजही रोज उपयोगीं पडतें. २०२२ च्या अखेरीपासून मागेल तो प्रोग्राम लिहून देणारीं साधनेंही सर्वांच्या हातीं आलीं आहेत. परंतु त्यांनीं लिहिलेलें बरोबर कीं चूक, हें सांगण्यास खालचे थर जाणणारा मनुष्यच लागतो.

आरंभींची म्हण अर्धी खरी आहे, हें मात्र मान्य केलें पाहिजे. एक तरी शाखा तळापर्यंत खणलेली नसेल, तर बाकीच्यांची खोली किती याचा अंदाजच येत नाहीं. शिवाय या मार्गास किंमत पडते. दिवसभर काम करून रात्रीं पुस्तक उघडावें लागतें. पंचेचाळिसाव्या वर्षीं पंचविशींतील सहकाऱ्याजवळ बसून ‘हें मला समजावून द्या’ असें म्हणावें लागतें, आणि तें पुष्कळांस जमत नाहीं.

ज्यास आरंभ करावयाचा आहे, त्यानें घरांत एखादा टाकाऊ संगणक असल्यास त्यावर लिनक्स बसवून पाहावें; तें विनामूल्य मिळतें. बिघडला तर बिघडूं द्यावा. बिघडतांना पडद्यावर जो मजकूर उमटतो, तो मात्र पुसण्यापूर्वीं वहींत जसाच्या तसा उतरून घ्यावा.