चाळिशीत दातांना तारा? हो, पण आधी हिरड्या!

“अगं, आता ह्या वयात कुठं तारा बसवतेस? लोक काय म्हणतील!” दातांचा विषय निघाला की हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून येतंच. कधी सासूबाईंच्या, कधी नवऱ्याच्या, आणि बहुतेक वेळा आपल्याच मनातून. मुलीला दहावीच्या सुट्टीत तारा बसवायला नेलेली आई तिथं खुर्चीशेजारी उभी असते. मुलीचं काम झालं की ती जरा घुटमळते, आणि पदर तोंडाशी धरूनच हळूच विचारते, “डॉक्टर, माझं काही होईल का हो?”

होतं. पन्नाशीतही होतं.

आपल्याला वाटतं, दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा. एकदा पक्का झाला की झाला. तसं नाही. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची गादी असते. तारेचा हलका दाब पडला की ज्या बाजूला दाब येतो तिथलं हाड थोडं झिजतं, आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवीन हाड भरत जातं. दात असा हळूहळू सरकतो, साधारण महिन्याला एक मिलिमीटर धरा. ही झीज-भर आपल्या हाडांत जन्मभर चालू असते, म्हणून वयाची आडकाठी नाही. एक गोष्ट मात्र मोठ्यांत होत नाही. मुलांचा जबडा वाढीला असतो, त्याला वळण देता येतं. आपला वाढून पूर्ण झालेला असतो. त्यामुळे दोष दातांत नसून जबड्यातच असेल, खालचा जबडा फार पुढे किंवा फार मागे असेल, तर नुसत्या तारांनी भागत नाही, ऑपरेशनचा विचार करावा लागतो. असं असेल तर डॉक्टर पहिल्या तपासणीतच सांगतात.

आता खरा मुद्दा. वयापेक्षा महत्त्वाच्या असतात हिरड्या. मैत्रिणींनो, आरशासमोर उभं राहून एक आठवून बघा. तुमचे दात लहानपणापासूनच वाकडे आहेत, की गेल्या चार-पाच वर्षांत पुढच्या दातांत फट पडली, एखादा दात पुढे आला, लांब दिसायला लागला? दुसरं असेल तर तारांचं नाव नंतर काढायचं. नीट असलेले दात मोठेपणी पसरायला लागले, तर त्यामागे बऱ्याचदा हिरड्यांचा आजार असतो, आपण ज्याला पायोरिया म्हणतो तो. हिरडीखालचं हाड खंगलेलं असतं आणि दाताचा आधार सुटत चाललेला असतो. अशा दातावर तार ओढली तर उरलंसुरलं हाडही जाईल आणि दात हातात येईल. हा आजार फारसा दुखतही नाही. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, आणि आपण ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडून देतो.

आधी हिरड्यांवर उपचार, खोलवर सफाई, काही महिने थांबून पुन्हा तपासणी, आणि सूज उतरली, आजार आटोक्यात आला की मग हलक्या हाताने तारा. असा क्रम लावला तर पायोरिया होऊन गेलेल्या बायकांचेही दात जागेवर आणता येतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, कारण वाढलेल्या साखरेत हिरड्या लवकर बिघडतात. आणि मिश्री. स्पष्टच बोलते. आपल्याकडे आजही कितीतरी घरांत सकाळी मिश्री लावल्याशिवाय बाईचा दिवस सुरू होत नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती हिरड्या मागे सारते, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढवते. मिश्री चालू ठेवून तारा बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

दाखवायचं कुणाला? दात काढणं, भरणं, कॅप बसवणं हे आपले नेहमीचे दातांचे डॉक्टर करतात. दात सरकवण्याचं शास्त्र वेगळं. त्यासाठी बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस त्याच विषयात केलेलं असतं, त्यांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. छोट्या गावात हे तज्ज्ञ बहुधा महिन्यातून एक-दोनदा एखाद्या दवाखान्यात येतात. त्यात वाईट काही नाही, पण आधीच विचारून घ्या: मधल्या दिवसांत तार टोचली, तुकडा निघाला, तर बघणार कोण? आणि हेच डॉक्टर दोन वर्षं येत राहणार का? उपचार अर्ध्यावर असताना डॉक्टर बदलणं फार त्रासाचं होतं. पाटीवरची पदवी वाचायला आणि ‘तुमचं एमडीएस कशात?’ असं विचारायला लाजू नका. साडी घेताना आपण दहा प्रश्न विचारतो की!

पहिल्या भेटीत तारा लागत नाहीत. लागल्या तर शंका घ्यावी. आधी पूर्ण तोंडाचा एक्स-रे, बाजूने चेहऱ्याचा एक्स-रे, दातांची मापं, फोटो. दिवस गेलेले असतील किंवा शक्यता असेल तर एक्स-रेआधी सांगायचं. हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही आठवणीने सांगा, पाळी गेलेल्या मैत्रिणींनी तर नक्कीच. त्यातली काही औषधं हाडाची ती झीज-भरच मंदावतात. पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवायचा विचार असेल तर घाई नको. इम्प्लांट हाडाला घट्ट चिकटतो, तो तारेने सरकत नाही. त्याची जागा आधी ठरवून घ्यावी लागते.

दाटी खूप असेल तर डॉक्टर सुळ्यामागची दाढ काढायला सांगतात. “चांगला दात काढायचा?” म्हणून आपल्या पोटात गोळा येतो. ‘न काढता होईल का, आणि नाही काढला तर काय होईल?’ हे विचारायचा हक्क आपला. आणखी एक गोष्ट आधीच कळलेली बरी. मोठ्या वयात दाटीतले दात सरळ झाले की दोन दातांमध्ये हिरडीपाशी कधी कधी छोटा काळा त्रिकोण दिसतो. आधी कुणी सांगितलं नसेल तर शेवटी फार मनाला लागतं.

प्रकार पुष्कळ आहेत. स्टीलच्या तारा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कामसू. दातांच्या रंगाच्या सिरॅमिकच्या कमी उठून दिसतात. पारदर्शक साचे, ज्यांना अलायनर म्हणतात, ते काढता-घालता येतात, पण दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात हवेत. दर चहाला काढून बाजूला ठेवणारीने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. आणि डॉक्टरांनी तोंडात न बघता पोस्टाने येणारे साचे तर नकोच. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी घरपोच अलायनर द्यायची. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि कितीतरी लोकांचे उपचार मधेच लटकले. हिरड्या तपासायला बोट आणि आरसा लागतो, कुरिअर नाही.

माझ्या तारा लागल्या बेचाळिसाव्या वर्षी. पहिले चार दिवस वरण-भात, खिमटी, मऊ उपमा. गाल सोलवटतो, त्यावर डॉक्टर मेणाची कांडी देतात. टोचणाऱ्या जागी चिमूटभर लावायचं, आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. भाकरी सोडावी लागत नाही, आमटीत कुस्करून खायची. पेरू, कणीस, ऊस दाताने तोडायचे नाहीत. चकली, कडबोळी, चिक्की यांनी तुकडे निघतात. माझा एक दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी निघाला, आणि ऐन सणात जिल्ह्याच्या गावी एसटीने हेलपाटा. उपासाला साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट बारीक करा. पारदर्शक रबर घ्याल तर आपल्या हळदीने ते आठवड्यात पिवळेधमक होतात. सरळ राखाडी घ्या. जेवणानंतर प्रत्येक वेळी ब्रश, शिवाय तारेखाली जाणारा बारीक ब्रश वेगळा. इथं आळस केला तर तारा निघाल्यावर दातांवर पांढरे डाग दिसतात.

लोक काय म्हणाले? पहिला आठवडाभर म्हणाले. भिशीतल्या दोघींनी मात्र डॉक्टरांचा नंबर मागितला.

पैशांचं बोलू. मुलीच्या तारांना घरात पैसे निघतात, आईच्या म्हटलं की ‘आता काय करायचंय?’ दात एकमेकांवर चढलेले असतील तर तिथं ब्रश पोचत नाही, खालचे दात टाळूला टोचत असतील तर पुढे झीज होते, ही कारणं घरात सांगायला उपयोगी. पण समजा काहीच त्रास नाही, फक्त मोकळेपणाने हसायचंय. तेही कारण पुरेसं आहे, असं मला वाटतं. उलट वाकडे दात स्वच्छ, निरोगी असतील आणि तुम्हाला खुपत नसतील, तर दुसऱ्या कुणासाठी तारा बसवायची गरज नाही. खर्च विचारताना एकूण रक्कम लिहून घ्या: तपासण्या, हिरड्यांचे उपचार, तुटलेला तुकडा, शेवटचा रिटेनर, सगळं धरून. बहुतेक ठिकाणी हप्ते चालतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली एमडीएसचे विद्यार्थी हेच उपचार खासगीपेक्षा बऱ्याच कमी खर्चात करतात. मात्र हेलपाटे आणि वाट बघायची तयारी हवी. दीड-दोन वर्षं महिना-दीड महिन्याने जायचंय, तेव्हा भाडं आणि बुडणारा रोजही हिशोबात धरा.

तारा निघाल्या की काम संपलं असं समजून कितीतरी जणी रिटेनर कपाटात ठेवतात. दात जुन्या जागी परतायला बघतात, मोठ्या वयात जास्तच. म्हणून दाताच्या मागे बारीक तार चिकटवतात किंवा रात्री घालायचा साचा देतात, आणि तो वर्ष-सहा महिन्यांचा नसतो, कायमचा असतो. जेवताना काढून रुमालात किंवा कागदात गुंडाळू नका, उष्ट्याबरोबर कचऱ्यात जातो. डबीतच ठेवा. आणि स्वच्छ व्हावा म्हणून गरम पाण्यात टाकू नका, वाकडा होतो. साधं गार पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.