देवी उतरली, अग्नी चढला

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून गुजरातकडे जाणाऱ्या प्रत्येकाने तो डोंगर पाहिलेला असतो. चारोटी मागे पडलं की विवळवेढे येतं. तिथे महालक्ष्मीच्या देवळाची कमान दिसते आणि मागे मुसळासारखा एक सुळका आभाळात घुसलेला. लोक त्याला मुसळ्या डोंगर म्हणतात. निम्मे प्रवासी गाडीतूनच हात जोडतात, उरलेले डुलक्या घेत असतात. डहाणूपलीकडे बोर्डीच्या पाठीशी आणखी एक डोंगर आहे, बारडचा. त्याच्या माथ्याजवळ बहरोटच्या गुहा आहेत. त्याला महामार्ग नाही, कमान नाही, म्हणून हात जोडणारेही कमी. गेली कित्येक वर्षं हे दोन डोंगर माझ्या डोक्यात एकत्र राहतात. एका डोंगरावरून देवी खाली उतरली. दुसऱ्यावर अग्नी चढला. दोन्हीकडे तिकीट नाही.

फुकट सहलींच्या याद्यांचा सध्या सुकाळ आहे. स्कॉटलंडच्या बेटांवर काय काय फुकट पाहता येतं, हेसुद्धा मराठी माणूस आता घरबसल्या सांगू शकतो. ऑर्कनीतलं ब्रॉडगरचं पाषाणवर्तुळ फुकट, डोंगरवाटा फुकट, आणि चालणाऱ्याला कुणाच्याही रानातून जबाबदारीने जायची मुभा २००३ च्या कायद्याने दिलेली. चांगलंच आहे. पण डहाणूची अशी यादी करायची तर सुरूच्या झाडीखालचा किनारा, नरपड, चिखले, घोलवड, ओहोटीला दिसेनासा होणारा बोर्डीचा समुद्र, अस्वालीचं धरण, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाड ही सगळी नावं वाचकांना पाठ आहेत. त्यांत मी अडकत नाही. एवढंच सांगतो, की हा किनारा आपोआप शिल्लक राहिलेला नाही. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा पडली. ती मर्यादा पाळली जावी म्हणून लोकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. १९९६ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं, तेव्हा कुठे त्या कागदाला दात आले. आता शेजारी वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर होऊ घातलं आहे. त्यानंतर या यादीतलं काय काय उरेल, याबद्दल मी फारसा आशावादी नाही.

आधी विवळवेढे. कोळवणची महालक्ष्मी म्हणून ही देवी ओळखली जाते. कथा सगळीकडे थोड्याफार फरकाने सांगतात ती अशी : देवीचं ठाणं मुळात गडावर होतं. एक गरोदर बाई नेमाने दर्शनाला चढायची. एकदा निम्म्या वाटेत तिला चक्कर आली आणि ती पडली. देवी प्रकट झाली आणि म्हणाली, आता तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. पायथ्याचं देऊळ त्यानंतरचं. नवस फेडण्यासाठी भक्ताने डोंगर चढावा, अशा कथा महाराष्ट्रात खंडीभर सापडतील. बाईचे दिवस भरत आलेत म्हणून देवाने स्वतःचा मुक्काम हलवल्याच्या कथा मला फार भेटल्या नाहीत.

गड मात्र रिकामा राहिलेला नाही. चैत्री पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीच्या रात्री, ध्वज वर जातो. तो नेण्याचा मान वाघाडीच्या सातवी घराण्याचा आणि ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा, अशी रीत सांगतात. मध्यरात्री पुजारी ध्वज, नारळ आणि पूजेचं सामान घेऊन एकटा निघतो, अंधारात सुळक्याकडे चढतो, पहाटेच्या आत ध्वज लावतो आणि उजाडता उजाडता खाली येतो. खाली हजारो माणसं माना वर करून उभी. संस्थान जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, तरी त्याचं निशाण दरवर्षी एका आदिवासी घरातला माणूस वर नेतो. याला कुठल्याही खात्याचं अनुदान नाही आणि प्रेक्षकांना पास नाहीत.

यात्रा पंधरवडाभर चालते. पालघर जिल्ह्यातून, दादरा-नगर हवेलीतून, दक्षिण गुजरातेतून माणूस येतो. देवदर्शन हे निमित्तांपैकी एक. खरा जोर असतो तो अगोठीच्या खरेदीवर. सुके बोंबील, सुकट, मिरची-मसाला, कांदे, टोपल्या, सुपं असं पावसाळ्याच्या चार महिन्यांचं घर इथे बांधून घेतात. सुक्या मासळीच्या रांगेतून एक चक्कर मारा. बाई बोंबील हातात घेऊन वाकवून बघते, वास घेते, भाव ऐकून जुडी परत टाकते, चार पावलं जाते आणि हाक येईपर्यंत मागे वळत नाही. हाक येतेच. पाहुण्याने हे फुकट पाहावं आणि मध्ये कॅमेरा घालू नये.

आता दुसरा डोंगर. खरं तर माझा सगळा जीव तिथेच अडकला आहे.

बहरोटच्या गुहा कातळात खोदलेल्या आहेत. पारशी परंपरा सांगते, की गुजरातेतलं संजाण, पारशांचं जुनं ठाणं, पडलं तेव्हा दस्तुरांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, पवित्र अग्नी, इराणशाह, इथे आणला आणि बारा वर्षं जपला. मग वांसदा, मग नवसारी, आणि बरीच वणवण होऊन १७४२ पासून उदवाडा. ही हकीकत ज्या एका कागदावर उभी आहे तो म्हणजे ‘किस्सा-ए-संजान’. नवसारीच्या बहमन कैकोबाद या दस्तुराने १५९९-१६०० च्या सुमारास ते फारसी काव्य लिहिलं. तो स्वतःच सांगतो, की ही कथा आपण एका वडीलधाऱ्या दस्तुराकडून ऐकली. अखेरच्या घटनेनंतर शंभर-दीडशे वर्षांनी लिहिलेली ही ऐकीव गोष्ट. फ्रेंच पंडित आंकतिल द्युपेराँ याने अठराव्या शतकात तिचा गोषवारा युरोपात नेला आणि १८४२ मध्ये ईस्टविकने इंग्रजी भाषांतर मुंबईत छापलं. भाषणांत हमखास येणारी दुधात साखरेची गोष्ट, पारशांना आसरा देणाऱ्या जदी राणाची, या काव्यात नाहीच. ती नंतरची भर.

काव्यात असं आहे : सुलतान महमूदाचा सरदार अलफखान संजाणावर चालून आला. हिंदू राजाने पारशांना साद घातली. त्यांचा पुढारी अर्देशीर चौदाशे जणांसह लढला. पहिल्या दिवशी शत्रू हटला, पुढे अर्देशीर पडला, राजा पडला, गाव गेलं. पारशी बहरोटच्या डोंगरात शिरले. मग बारा वर्षं. या बारा वर्षांवर बहमन जेमतेम काही ओळी खर्च करतो.

आणि सन? ते तो देतच नाही. भांडणाचं मूळ तिथे आहे. परंपरेचा हिशेब सोपा : अग्नी संजाणात ६६९ वर्षं, बहरोटला १२, वांसद्याला १४, नवसारीला ३१३. या बेरजेने बहरोटचा काळ १३९३ ते १४०५ असा निघतो आणि बहुतेक ठिकाणी तोच छापलेला दिसतो. जीवनजी जमशेदजी मोदी म्हणजे पारशी विद्येतलं पहिलं नाव. त्यांनी हा महमूद म्हणजे गुजरातचा महमूद बेगडा असं धरून संजाणचा पाडाव १४९० आणि अग्नीचं नवसारीत आगमन १५१६ ठरवलं. जुनागढच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे शापूरशाह होरमसजी होडीवाला यांना हे पटलं नाही. बेगडाच, पण १४६५ ची मोहीम, असं ते म्हणाले. १९२० च्या त्यांच्या ग्रंथात या वादाची धार आजही लागते. मोठ्या माणसाला उत्तर देताना आवाज न चढवता कागद पुढे सरकवायचे, ही त्यांची रीत.

त्यांतला एक कागद मला फार आवडतो. भरूचचा नरीमान होशंग नावाचा पारशी धर्मशंकांची उत्तरं आणायला इराणात गेला. त्याला फारसी धड येत नव्हती. म्हणून तो यज्दमध्ये राहिला, खजुराचा व्यापार करत भाषा शिकला, आणि १४७८ मध्ये तिथल्या दस्तुरांचं उत्तर घेऊन परतला. त्या पत्रात नवसारीच्या चांगा आसाचं नाव आहे. बहमनच्या मते अग्नी नवसारीला आणवणारा हाच पुढारी. आता बोटं मोजा. परंपरेच्या हिशेबाप्रमाणे अग्नी १४१९ मध्ये नवसारीला आला असेल, तर चांगा आसा १४७८ पर्यंत पुढारीपण कसा करत होता? आणि १५१६ मध्ये आला असेल, तर १४७८ लाच इराणपर्यंत नाव गेलेला माणूस आणखी अडतीस वर्षांनी धावपळ करत होता, असं मानावं लागतं. १४६५ अधिक बारा अधिक चौदा, १४९१. हे बसतं. मी होडीवालांच्या बाजूचा आहे.

पण २००२ ते २००४ मध्ये संजाणला उत्खनन झालं आणि माझ्या बाजूला खिंडार पडलं. पश्चिम आशियातली काचलेपाची भांडी, चिनी माती, एक दखमा, म्हणजे पारशांची मृतदेह ठेवण्याची जागा, असं घबाड निघालं. मात्र भांड्यांचा काळ मुख्यतः आठव्या ते तेराव्या शतकाचा. पंधराव्या शतकात लुटण्याजोगं भरलेलं संजाण तिथे दिसत नाही. म्हणजे एकतर अलफखान बेगडाचा नव्हे, कुणा आधीच्या सुलतानाचा असणार, नाहीतर बहमनने दोन आठवणी एकीत शिवल्या. मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं. दीडशे वर्षांच्या ऐकीव कथेत हे व्हायचंच.

सनांच्या भांडणात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही : लाकूड कोणी आणलं? अशा अग्नीला दिवसाचे पाच प्रहर, प्रत्येक प्रहरी इंधन अर्पावं लागतं. बारा वर्षं म्हणजे सुमारे बावीस हजार वेळा. जून ते सप्टेंबर हा डोंगर ढगात असतो. कोकणच्या त्या पावसात वर सुकं सरपण राखायचं, दस्तुरांच्या पोटाला तांदूळ न्यायचे, आणि खाली सुलतानाच्या माणसांना सुगावा लागू द्यायचा नाही. पायथ्याच्या पाड्यांच्या साथीवाचून हे निभणं मला तरी अशक्य वाटतं. वांसदेकरांनी स्वार पाठवून स्वागत केलं, हे बहमन लिहितो. इथे स्वार नव्हते, डोक्यावर मोळी असलेली माणसं असणार. त्यांना काव्यात ओळ मिळाली नाही.

या पट्ट्यातल्या माणसांच्या श्रमांची नोंद कधीच कोणी ठेवली नाही, हे नवं नाही. १९४५ मध्ये तलासरीजवळ झरीला गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने परिषद भरली, तोवर वारल्यांची मजुरी जमीनदाराला वेठीने, म्हणजे फुकटच, मिळत होती. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवड्याला गोळीबार झाला आणि माणसं मेली. तलासरीकडे जाणाऱ्याने स्वस्त सहलीच्या आनंदात हे विसरू नये.

उदवाड्याच्या आतशबेहराममध्ये, म्हणजे अग्निमंदिरात, पारशांखेरीज कोणाला प्रवेश नाही. तो त्यांचा धर्म, तक्रार नाही. पण त्या अग्नीचं एकेकाळचं घर मात्र कोणालाही मोकळं आहे. म्हणूनच तिथे नीट फलक हवा. त्यावर एकच सन ठोकून न देता १३९३, १४६५, १४९० ही तिन्ही लिहावीत, आणि मराठी, गुजराती, वारली तिन्ही बोलणाऱ्यांना कळेल असं लिहावं. पुरातत्त्व खात्याला हा खर्च जड नाही.

जाणार असाल तर बहरोटला पाऊस सरल्यावर, भल्या पहाटे, पायथ्याचा वाटाड्या घेऊन जा, आणि डोंगर फुकट असला तरी वाटाड्याची मजुरी घासाघीस न करता द्या. विवळवेढ्याला चैत्री पौर्णिमेच्या रात्री जा. आणि गुहेत चहासाठीसुद्धा काही पेटवू नका.