वेळेवर सुटणारी फिल्म

भाईंदर स्टेशनाहून उत्तनच्या बसमध्ये बसलं की वाटेत मुर्धा, राई, मोर्वा लागतात. मिठागरांचा, खाऱ्या वाऱ्याचा हा पट्टा. रुळांपलीकडे पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी आणि पत्राकाम करणारे गाळे आहेत. पत्रा कापताना, वाकवताना, टेम्पोत चढवताना त्यावर चरा उठू नये म्हणून अंगावर चिकट फिल्म असते. बाजारात ‘पीव्हीसी लावलेला पत्रा’ मागायची रीत असली तरी ती बहुधा पॉलिथिलीनचीच असते, साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाडीची.

चराही साधासुधा नसतो. एकाच दिशेने बारीक रेघा असलेल्या हेअरलाइन पत्र्यावर रेघांना आडवा ओरखडा गेला, तर तेवढाच घासून भागत नाही. डाग दिसू नये म्हणून अख्खा पृष्ठभाग पुन्हा घासावा लागतो.

गिऱ्हाईक विचारतं, ‘घट्ट चिकटेल ना?’ माझ्या मते आधी विचारावं, ‘सुटेल ना?’ आरशासारख्या पत्र्याला गोंद सगळीकडून भिडतो, म्हणून तिथे हलका गोंद पुरतो. खरबरीत पत्र्याला तो फक्त उंचवट्यांवर टेकतो. तिथे जोरकस लागतो. ही जोडी उलटली की आरशावर चिकटा राहतो आणि खरबरीत पत्र्यावरची फिल्म वाकवतानाच उचलते. रबराचा गोंद पटकन धरतो, पण उन्हात लवकर बिघडतो. अ‍ॅक्रिलिकचा ऊन सोसतो. मात्र दिवसागणिक त्याची पकड वाढत जाते.

पत्रा कापणाऱ्या फायबर लेझरची तऱ्हा निराळी. त्याचा सुमारे १ मायक्रॉन तरंगलांबीचा किरण साध्या पारदर्शक फिल्ममधून आरपार जातो. फिल्म कापली जायच्या आधी खालचा पत्रा तापतो, वायूचा झोत आत शिरतो आणि फुगे येतात. त्यासाठी लेझरची वेगळी फिल्म मागावी.

खाडीकाठी आणखी एक जपावं लागतं. सुटलेल्या कडेतून खारट ओल आत शिरली की वाळत नाही. तिथे हवा पोचत नाही, क्लोराइड साचतं आणि स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात. म्हणून फिल्म आहे या भरवशावर पत्रा उघड्यावर टाकू नये. घाऊक रोल घेण्याआधी त्याच पत्र्याच्या तुकड्यावर पट्टी लावून काही दिवस उन्हात ठेवावी आणि मग १८० अंशांत मागे दुमडून सावकाश ओढावी. चिकटा राहिला, तर रोल परत करावा.

घरी मात्र नवेपणा टिकावा म्हणून शेगडीवरची फिल्म कोणी काढत नाही. आचेने ती कडक होते, मग नखांनी तुकडे निघतात, आणि गोंदासाठी थिनरचं फडकं घेऊन बसावं लागतं, तेही गॅस बंद करून.