गणितेतर शिक्षक आणि गणिताची भाषा

माध्यमिक शाळेत गणित शिकविणारा प्रत्येक शिक्षक गणिताचा पदवीधर असतोच असे नाही. रसायनशास्त्र वा वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या, क्वचित भूगोल शिकविणाऱ्या शिक्षकाकडेही वेळापत्रकाच्या निकडीमुळे आठवी-नववीच्या गणिताचे तास येतात. ही अडचण केवळ आपल्याकडची नव्हे. आयर्लंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, माध्यमिक शाळांतून गणित शिकविणाऱ्या ज्या शिक्षकांची माहिती घेण्यात आली, त्यांपैकी ४८ टक्क्यांजवळ गणित शिकविण्याची विहित अर्हता नव्हती, असे आढळून आले. पुढे २०१२ साली लिमरिक विद्यापीठाच्या पुढाकाराने अशा शिक्षकांसाठी दोन वर्षांचा पदविका-अभ्यासक्रम सुरू करण्यात आला. नोकरी सांभाळून तो पुरा करावयाचा, खर्च शासनाने सोसावयाचा आणि गणित व गणिताचे अध्यापन या दोहोंचा जोडीने अभ्यास करावयाचा, अशी ती योजना होती.

यातील शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची होय. अशा प्रशिक्षणाविषयी सामान्यतः दोन समजुती आढळतात. उच्च गणित शिकविले म्हणजे काम झाले, ही एक. अध्यापनाच्या सर्वसाधारण पद्धती सांगितल्या म्हणजे पुरे, ही दुसरी. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली दाखवून दिले की, या दोहोंखेरीज शिक्षकाला आणखी एका ज्ञानाची गरज असते. विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो, कोणत्या उदाहरणाने त्याची वाट मोकळी होते, हे ते ज्ञान. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात जाणवते ते असे की, त्याचा फार मोठा भाग वर्गात उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यांशी निगडित आहे.

मराठी वर्गातील एक परिचित वाक्य घेऊ: ‘पद पलीकडे नेले की चिन्ह बदलते.’ क्ष + ५ = १२ या समीकरणात ते उपयोगी पडते; पाच पलीकडे वजा होतात आणि क्ष = ७ हे उत्तर मिळते. पण तोच विद्यार्थी ३क्ष = १२ हे समीकरण सोडविताना तीनही पलीकडे नेऊन वजा करतो आणि क्ष = ९ असे लिहितो. तो नियम मोडत नाही. ऐकलेल्या वाक्याचे तो प्रामाणिकपणे पालनच करतो. ‘येथे वजा नव्हे, भागाकार’ एवढेच सांगणारा शिक्षक त्याला दुसरा नियम पाठ करावयास लावतो. वास्तविक कोणतेच पद कोठे जात नाही. पहिल्या समीकरणात दोन्ही बाजूंतून पाच वजा केले, दुसऱ्यात दोन्ही बाजूंना तिनाने भागले. समता अबाधित राहिली. ‘पलीकडे नेणे’ हे या कृतीचे केवळ संक्षिप्त वर्णन आहे, तिचे कारण नव्हे.

दुसरे उदाहरण ‘वजा वजा अधिक’ या सूत्राचे. दोन ऋण संख्यांच्या गुणाकारासाठी सांगितलेले हे सूत्र विद्यार्थी −३ − ५ येथे लावतो आणि उत्तर ८ काढतो. एकच ‘वजा’ शब्द संख्येलाही लावला जातो आणि क्रियेलाही, म्हणून हा घोटाळा होतो. मराठीत ‘ऋण’ आणि ‘वजा’ असे दोन शब्द उपलब्ध आहेत. ‘ऋण तीनमधून पाच वजा करावयाचे’ असे म्हटले की कोणते चिन्ह कशाचे, हे स्पष्ट होते.

तिसरे उदाहरण अपूर्णांकांचे. ‘एक छेद दोन अधिक एक छेद तीन’ असे वाचले की कानावर चार सुटे अंक पडतात. विद्यार्थी वरचे वरच्यांत, खालचे खालच्यांत मिळवून ‘दोन छेद पाच’ असे उत्तर देतो. हेच ‘अर्धा अधिक एक तृतीयांश’ असे वाचले, तर ‘दोन पंचमांश’ हे उत्तर अर्ध्याहूनही कमी कसे, हा प्रश्न त्याच्याच मनात उभा राहतो.

अर्थात शब्द बदलल्याने गणित येते, असे येथे म्हणावयाचे नाही. ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो, हे शिक्षकालाच उमगलेले नसेल तर कोणतीही शब्दयोजना त्याच्या उपयोगी पडणार नाही. म्हणूनच प्रशिक्षण चार दिवसांच्या शिबिरात उरकता येत नाही. त्याला दीर्घ अवधी हवा, आणि त्याची सामग्री शिक्षकाच्या रोजच्या तासांतून यावयास हवी. प्रशिक्षणार्थ्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतील चुकीची उत्तरे घेऊन यावे, प्रत्येक चुकीमागे कोणते वाक्य उभे आहे याचा शोध घ्यावा, त्या वाक्यामागील गणित समजून घ्यावे आणि मग ते वाक्य नव्याने घडवावे, हा क्रम उपयुक्त ठरेल. गणितेतर शिक्षकाची एक जमेची बाजूही येथे कामी येते: आपण स्वतः कोठे अडलो होतो, हे त्याला बहुधा स्मरत असते.

‘असे का?’ या प्रश्नाला ‘नियमच आहे’ एवढेच उत्तर वारंवार मिळाले, तर दोष आपल्या बुद्धीचा आहे अशी विद्यार्थ्याची समजूत होते आणि तो विचारणे सोडून देतो. अशा शिक्षकावर ठपका ठेवून हे टळणार नाही. ज्यांनी त्याच्यावर हे तास सोपविले, त्यांनीच त्याच्या प्रशिक्षणाची व्यवस्था केली पाहिजे.