शेकडा पाऊण रुपया

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा-उमरग्याकडं सावकाराचा भाव विचारा, उत्तर येतं, "शेकडा तीन." महिन्याला, हे वेगळं सांगावं लागत नाही. भूकंपानंतर याच मुलखासाठी १९९४ साली भारत सरकारनं जागतिक बँकेकडून कर्ज काढलं. अशा सवलतीच्या कर्जांचा तेव्हाचा भाव शेकडा पाऊण रुपया, तोही वर्षाला. सावकाराचं एका महिन्याचं व्याज म्हणजे बँकेचं चार वर्षांचं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक निजलेले. घरं माळवदाची: दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं तेच ओझं भूकंपात अंगावर आलं. लातूरचं किल्लारी, धाराशिवचं सास्तूर आणि आसपासची गावं मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली.

बँकेनं मंजूर केले २४.६ कोटी डॉलर. एकतीस रुपयांच्या डॉलरनं साडेसातशे कोटींहून जास्त. त्यातून नव्या गावठाणात भूमिहीनाला २५० चौरस फुटांचं घर, मोठ्या शेतकऱ्याला ७५०.

या कर्जांची मुदत तेव्हा ३५ वर्षांची होती. पहिली दहा वर्षं मुद्दल मागत नसत. सगळ्या मुदतीत शंभरावर बँकेचं हे पाऊण टक्क्याचं शुल्क जाई वीस रुपयांच्या आत. तेच शंभर शेकडा तीननं घेतले आणि थकलेलं व्याज दर वर्षअखेर मुद्दलात मिळवत गेलं, तर ३५ वर्षांनी देणं होतं सत्तेचाळीस लाख! जुन्या शास्त्रकारांनी दामदुपटीची मर्यादा, म्हणजे व्याज मुद्दलाहून जास्त नको, उगाच नव्हती घातली.

स्वस्ताईला खोट मात्र आहे. मुद्दल परकी चलनात फेडायचं. एकतीसचा डॉलर २०२४ मध्ये त्र्याऐंशीच्या पुढं गेला, म्हणजे शंभराचं मुद्दल अडीचशेच्या वर. व्याजानं वाचवलेल्यातलं काही रुपयानं घालवलं.

आणि हा पैसा दिल्लीमार्गे यायचा. तेव्हाच्या सर्वसाधारण नियमानं राज्याला ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज. त्यावर व्याज बारा टक्क्यांच्या आसपास. पाऊणचे बारा! डॉलरची जोखीम दिल्लीनं घेतली होती, हेही खरं. २००५ नंतरच्या कर्जांना बँकेच्या अटी जशाच्या तशा राज्याला लागू झाल्या. स्वस्त दर राज्याचा, घसरत्या रुपयाची झळही राज्याचीच.