गुलखैऱ्याची पिवळी शीर आणि भेंडीचा केवडा

भेंडीच्या पानांच्या शिरा प्रथम पिवळ्या पडतात, मग त्यांचे जाळे सर्व पानभर उठून दिसते आणि फळे फिकट, आखूड व राठ निपजतात. या विकारास शेतकरी केवडा अथवा हळद्या म्हणतात. मुंबई इलाख्यातून त्याची पहिली नोंद कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये केली. पुढे कपूर व वर्मा यांच्या १९५० मधील अभ्यासात या रोगाच्या आश्रयी वनस्पतींत गुलखैऱ्याचाही, म्हणजे हॉलिहॉक या शोभेच्या फुलझाडाचाही, समावेश झाला. भेंडी व गुलखैरा ही दोन्ही मालव्हेसी कुलातील असल्याने यात आश्चर्य नाही.

रोगाचे कारण बेगोमोव्हायरस गटातील विषाणू होय. त्याची जनुकद्रव्ये एकपदरी, वर्तुळाकार डीएनएची असतात. तथापि या विषाणूबरोबर बीटा-उपग्रह नावाचा एक लहान डीएनए असल्यावाचून रोगाची खरी लक्षणे प्रकट होत नाहीत, असे जोस व उषा यांनी २००३ मध्ये सिद्ध केले. प्रसार पांढरी माशी करते. रोगट झाडाचा रस चोळल्याने तो होत नाही. कलमाने मात्र विषाणू एका झाडातून दुसऱ्यात जातो.

येथेच फुलझाडाचे महत्त्व ध्यानी येते. विषाणूस जिवंत पेशीवाचून टिकाव नाही. खरिपातील भेंडी संपल्यावर उन्हाळी भेंडी उगवेपर्यंतचा काळ त्याने कोठे काढावा? गुलखैरा नेमका हिवाळ्यात वाढतो. वाशीम जिल्ह्यातील कामरगावसारख्या गावी अंगणातील वाफा व भाजीचा मळा परस्परांपासून फार दूर नसतात. माशीला तेवढे अंतर सहज कापता येते. पिवळ्या जाळीचे पान शोभिवंत म्हणून राखले, तर ते दोन हंगामांमधील दुवा ठरू शकते.

हानी किती होते, हे लागण केव्हा झाली यावर अवलंबून असते. शास्त्री व सिंग यांच्या १९७४ मधील निरीक्षणानुसार उगवणीनंतर ५० दिवसांनी लागण झाल्यास उत्पन्न ८४ टक्के, तर ६५ दिवसांनी झाल्यास ४९ टक्के घटते. प्रतिकारक्षम वाण हा एक उपाय आहे; परंतु त्या गुणासाठी नावाजलेली ‘पूसा सावनी’ पुढे रोगास बळी पडू लागली. सबब केवळ वाणावर विसंबणे इष्ट नव्हे. भेंडी पेरण्यापूर्वी बागेतील पिवळ्या शिरांचे गुलखैरे उपटून नष्ट करणे, हा बिनखर्चाचा उपाय त्यास जोडावयास हवा.